रोज तीनला येणारी भरती

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी मी मांद्र्याच्या मराठी शाळेत पहिलीत होते. घरात कोंकणी, शाळेत मराठी, आणि पुढे पुण्यात शिकायला गेल्यावर सगळं इंग्रजीत. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली. वडील गेले, आई मांद्र्याला एकटी पडली, तेव्हा मी परत आले. परत आले तरी कामाला लागले ती डिचोलीला. तिथे एका गृहस्थांनी पाण्याची पातळी, वारा, वजन असलं काहीबाही मोजणारी यंत्रं बनवण्याचा छोटा व्यवसाय काढला होता. जुन्या घरातल्या तीन खोल्या, मागे फणसाचं झाड आणि एक विहीर. मालक आधी खाणींवरचे वजनकाटे दुरुस्त करत. त्यांना सगळे मेस्त, म्हणजे कारागीर, म्हणत, म्हणून मीही मेस्त म्हणायला लागले.

मी तिथे कर्नलसाठी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणालीसाठी, ड्रायव्हर लिहायची. यंत्राच्या आतल्या प्रोसेसरला बाहेरच्या उपकरणाशी बोलता यावं म्हणून लिहिलेला मजकूर म्हणजे ड्रायव्हर. आईला हे सांगायला गेले तर तिच्या डोक्यात बसचा ड्रायव्हरच आला, आणि त्यात मी म्हणाले की हो, यात बसही असते, पण ती तांब्याच्या तारांची, तिच्यावरून आकडे ये-जा करतात. आई म्हणाली, "मग तिकीट कोण काढतं?" त्यानंतर मी तिला कामाबद्दल फारसं सांगितलं नाही. शनिवारी मांद्र्याला जायचं, सोमवारी पहाटे स्कूटरवरून डिचोलीला यायचं, असं चाललं होतं.

त्या वर्षी मेस्तांना आमोण्याचं काम मिळालं. आमोणे मांडवीच्या काठावर आहे. तिथली खाजन शेती नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरतीला ते मिटतं, ओहोटीला उघडतं, शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. उधाणाच्या दिवसांत नदी बांधावरून कधी आत येईल याची आगाऊ सूचना मिळावी, म्हणून एका सरकारी खात्याला मानशीजवळ पातळी मोजणारी पेटी बसवून बघायची होती.

पेटी आम्ही बसवली ती भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. पत्र्याची पेटी, वर सौर पट्टी, खाली नळीतून पाण्यात सोडलेला दाबमापक. वर पाणी जितकं जास्त तितका त्याच्यावर दाब जास्त, आणि त्यावरून पातळी. बॅटरी लहान होती म्हणून चाचणीच्या काळात पेटीनं सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच मोजायचं असं ठरलं. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा मोबाइलच्या जाळ्यावरून डिचोलीला.

मानस राखणारे काका तिथे होते. सत्तरीच्या आसपासचे, उंच, पायात काही नाही. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तो बांध सांभाळलेला. गावच्या शेतकऱ्यांच्या वतीनं दाराच्या फळ्या, बांधाची भोकं, खेकड्यांनी, त्यांच्या भाषेत कुर्ल्यांनी, केलेली बिळं, सगळं तेच बघत. त्यांची कोंकणी मी इथे बरीचशी मराठीत आणते आहे. त्यांनी पाण्यातल्या खांबावर रंगवलेला आकडा वाचून सांगितला, मेस्तांनी तोच पेटीत भरला आणि म्हणाले, झालं, आता इथून पुढे वर-खाली ती स्वतः मोजेल. त्या वेळी तीन वाजले होते आणि नदी काठोकाठ भरलेली होती.

मग माझे ते पंधरा-वीस दिवस सुरू झाले, ज्यांची मला अजून स्वप्नं पडतात.

माझं मेज जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी होतं. कार्तिकातलं ऊन फणसाच्या पानांतून येऊन संगणकाच्या पडद्यावर हलायचं. सकाळी मी यायची तेव्हा पातळीच्या आकड्यांची आमोण्याची रेघ तळाशी असे. आठच्या सुमारास ती हळूच मान वर करी. अकरापर्यंत चांगली चढे, मग आणखी सावकाश, जणू चढण संपूच नये असं तिला वाटत असावं. तीनच्या आसपास ती थांबे. नंतर उतरू लागे, तीही घाई न करता. इतकी मऊ, गोल रेघ मी आधी कधी पाहिली नव्हती. दुसरं काम करता करता मी तिच्याकडे बघायची. चहाचा कप हातात तसाच राहायचा. मला वाटायचं, मी डिचोलीच्या एका खोलीत बसले आहे पण माझे पाय आमोण्याच्या पाण्यात आहेत, आणि पाणी घोट्याशी आलं, आता पोटरीशी आलं. पुण्यातल्या नऊ वर्षांत मला समुद्राची आठवण अशी टोचत नसे, पण ती होतीच. ती त्या रेघेनं भरून यायची. दुपारी मेस्त जेवून खुर्चीतच डोळे मिटत, पंखा फिरत असे, आणि माझी नदी न चुकता वर येत असे.

एक दिवस आभाळ आलं, त्या दिवशी रेघ नेहमीएवढी चढली नाही. मी मनात म्हटलं, आज नदीचं मन नाही. खरंच असंच म्हटलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस होते तेव्हा काकांचा फोन आला. दुपारचे अडीच झाले असतील.

"बाय, तुझी पेटी आता काय म्हणते?"

मी पडद्यावर बघितलं. "भरती आहे, काका. अजून थोडी चढेल."

 ते म्हणाले, "मी बांधावर उभा आहे. पाणी पार तळाला गेलंय. चिखलात कुर्ल्या फिरताहेत."

मी त्यांना म्हटलं की नळीत पाणी अडलं असेल, किंवा तुम्ही दुसऱ्या मानशीपाशी असाल. माझा आवाज फार समजुतीचा होता. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. मी मेस्तांना सांगितलं. त्यांनी रेघ बघितली आणि म्हणाले, इतकी स्वच्छ रेघ बिघडलेल्या यंत्राची नसते. मलाही तेच ऐकायचं होतं.

तरीही चैन पडेना, म्हणून कार्तिकी पौर्णिमा होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी स्कूटर काढून आमोण्याला गेले. जेवणाची वेळ टळून गेली होती. बांधावर पोचले तर नदी तुडुंब. मोबाइलवर पेटीचा आकडा बघितला, खांबावरचा आकडा बघितला. चार बोटांचाही फरक नव्हता. काका दाराची एक फळी काढून तासत बसले होते. मी त्यांना दोन्ही आकडे दाखवले, आणि कबूल करते, दाखवताना मला बरं वाटलं.

त्यांनी मान हलवली. फळी बाजूला ठेवली.

"आज जमतंय," ते म्हणाले. "पेटी बसवली त्या दिवशीही जमलं होतं. तेव्हा तृतीया होती, आज चतुर्थी. या तिथींना इथे भरती तीन-चारच्या सुमाराला येतेच. पण भरती रोज पाऊण तास मागे पडते. काल जेव्हा आली त्यापेक्षा आज उशिरा. तुझ्या पेटीत ती रोज तीनलाच येते. नोकरीवरच्या माणसासारखी."

मी मोबाइल खिशात ठेवला.

"तू मांद्र्याची ना गो?" त्यांनी विचारलं. खोचक नव्हतं ते. खरंच विचारत होते.

मी मांद्र्याचीच. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. भरती रोज सरकते हे मला कोणी शिकवायला नको होतं. सुट्टीत किनाऱ्यावर खेळायला जाताना आज पाणी किती वाजता लांब जाईल हे आम्ही बोटांवर मोजत असू, आदल्या दिवसाच्या वेळेत पाऊण तास मिळवून. हे सगळं मला येत होतं, आणि पंधरा दिवस रोज तीनला येणारी भरती बघताना त्यातलं काही मला आठवलं नव्हतं.

"दशमीला ये," काका म्हणाले. "दुपारी, याच वेळी."

दशमीला मी गेले. नदी नव्हती. म्हणजे होती, पण लांब, मधल्या धारेत, आणि इकडे नुसता चिखल चमकत होता. त्यात बगळे उभे होते. दाबमापकाची नळी उघडी पडली होती, तिच्या तोंडाशी ओलं शेवाळ. मी मोबाइल बघितला. पेटी सांगत होती, भरती, काठोकाठ. मी चपला काढून चिखलात उतरले, नळीपर्यंत गेले आणि हातात ती नळी धरून उभी राहिले. डोक्यावर ऊन होतं. पत्र्याच्या पेटीला हात लावला तर चटका बसला. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की मी इतके दिवस जिच्याकडे बघत होते ती ही नाही, मग ती कोण.

काकांनी वरून हात दिला आणि मला बांधावर घेतलं. घरी नेऊन पाय धुवायला बाल्दीभर पाणी दिलं. त्यांच्या बायकोनं पेज वाढली, बरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा. 

दुसऱ्या दिवशी पेटी उतरवून डिचोलीला आणली आणि उघडून मेजावर मांडली. दाबमापक पाण्यानं भरलेल्या बाल्दीत सोडला. वर उचलला, खाली सोडला, तळाला टेकवला. पडद्यावरचा आकडा हलला नाही. आधी वापरत होतो त्या जुन्या सर्किट बोर्डावर हीच चाचणी मी केली होती, तेव्हा आकडा इमानानं हलत होता. आमोण्यासाठी मात्र नवा बोर्ड आला होता, उशिरा आला होता, आणि त्याच्यासाठी मी दोन-चार ओळी बदलून पेटी बंद केली होती. बाल्दीची चाचणी पुन्हा केली नव्हती. मेस्तांना मी ते त्याच वेळी सांगितलं. ते रागावले नाहीत. "आता शोध," एवढंच म्हणाले.

सकाळ गेली. दुपारी बोर्डावरची जोडचिप तापते आहे का ते बघायला मी तिच्यावर तळहात ठेवला. ही चिप प्रोसेसर आणि बाहेरची उपकरणं यांच्यामधली. तशी ती गार होती. मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होते, हात तिथेच राहिला. आणि पडद्यावर रेघ चढू लागली.

तीच रेघ. तशीच मऊ, तशीच सावकाश. मी हात उचलला. ती थोडी थांबली आणि उतरू लागली. पुन्हा हात ठेवला. पुन्हा चढली. बाल्दीतलं पाणी निश्चल होतं, दाबमापक तळाला होता, आणि माझ्या तळहाताखाली आमोण्याला भरती येत होती. किती वेळा मी हात ठेवला आणि उचलला ते मोजलं नाही. मेस्त मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनीही एकदा स्वतःचा हात ठेवून बघितला. त्यांच्या हाताखाली ती जास्त भराभर चढली.

"ही नदी नव्हे," ते म्हणाले. "हा उष्मा आहे."

जोडचिपच्या पोटात तिचं स्वतःचं तापमान मोजणारा एक कोपरा असतो. तो आकडा मी नदीची पातळी म्हणून वाचत होते. सकाळी पत्रा तापू लागे, दुपारी तीनला सगळ्यात जास्त, मग निवे. आभाळ आलं त्या दिवशी कमी. सगळं जागच्या जागी बसलं.

आता ड्रायव्हर चुकीच्या जागी का वाचत होता ते शोधायचं होतं, आणि ते शोधायला मला आणखी दोन दिवस लागले. प्रोसेसरला बाहेरची प्रत्येक वस्तू एका आकड्यानं माहीत असते. तो आकडा म्हणजे तिचा पत्ता. जुन्या बोर्डावर दाबमापकाची जागा थेट जोडचिपच्या बसवर होती. नव्या बोर्डावर जोडचिपच्या आत आणखी एक लहान बस होती, आणि दाबमापक त्या लहान बसवर. बसच्या आत बस. लहान बसच्या मोजणीत तो विसाव्या घरात. पण ती लहान बस सुरू होते जोडचिपच्या चार हजाराव्या घरापासून, आणि जोडचिप स्वतः प्रोसेसरच्या मोजणीत कोट्यवधी घरं पलीकडे. म्हणून आतून बाहेर येताना प्रत्येक उंबऱ्यावर सांगावं लागतं की माझं शून्य म्हणजे तुझं अमुक. कर्नलसाठी बोर्डाचं वर्णन लिहितात त्या फाइलमध्ये प्रत्येक बसच्या नावाखाली यासाठी एक ओळ असते. तिला रेंजेस म्हणतात. ती ओळच नसेल तर कर्नल समजतो की इथून आत वाट नाही, आणि ड्रायव्हर सुरूच होत नाही. ओळ आहे पण रिकामी असेल तर त्याला वाटतं, आतली आणि बाहेरची मोजणी एकच आहे. तो काही न विचारता पुढे जातो.

लहान बसखाली मी ती ओळ रिकामी ठेवली होती. नंतर भरू म्हणून की विसरून, आता सांगता येत नाही. त्यामुळे कर्नलनं लहान बसमधलं विसावं घर जोडचिपचंच विसावं घर मानलं. तिथे तापमान राहत होतं. बाहेरचा उंबरा बरोबर लिहिलेला होता, म्हणून वाचणारा चिपपर्यंत नेमका पोचत होता. चुकला तो आत गेल्यावर. कुठे काही मोडलं नाही, एकही तक्रार उठली नाही. वीस म्हणून विचारलं, वीसनं उत्तर दिलं.

मी त्या रिकाम्या ओळीत तीन आकडे लिहिले. बोर्ड पुन्हा सुरू केला, दाबमापक बाल्दीतून उचलला. रेघ सरळ खाली पडली. सोडला, वर आली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या मागोमाग दुसरंच काही आलं. मांद्र्याला गेले त्या शनिवारी आईनं विचारलं, अशी का बसलीस. मी म्हटलं, एक ओळखीचं माणूस होतं, ते तसं नव्हतंच. आईनं जास्त विचारलं नाही. माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

मेस्तांनी खात्याला कळवलं की पहिल्या दिवसांतले आकडे धरू नयेत, चूक आमची आहे. काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. पेटी परत बसवताना आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. बस, उंबरा, रिकामी ओळ, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे पेटी खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले.

"नाही. मी विचारलं ते भलत्यालाच."

"आणि त्याने दिलं उत्तर."

"हो."

"मग तू त्याला तरी दोष देऊ नकोस," ते म्हणाले आणि उठून फळी बसवायला गेले.

खरी रेघ पहिल्या रेघेसारखी देखणी नव्हती. लोखंडाच्या खनिजाची बार्ज, म्हणजे मालवाहू होडी, नदीतून गेली की रेघेवर करवतीचे दात उमटत. दार मिटताना एक छोटा खड्डा पडे. कधी सकाळीच चढलेली असे, कधी दुपारी दोन तास नुसती लोळत राही. पण ती रोज सरकत होती. एकादशीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, ती जेमतेम उठे, अमावास्येच्या उधाणाला बांधाच्या अंगावर येई. हळूहळू मला तिची सवय झाली. फोन बहुतेक वेळा मीच करू लागले. काका तिथी सांगत, त्यावरून वेळ आणि पाणी किती ते सांगत, आणि मी पेटीचा आकडा वाचून दाखवी. दोन्ही जवळपास असत. जिथे नसत तिथे आम्ही भांडत असू.

चाचणीचा शेवटचा आठवडा वैशाखाच्या अखेरीला आला. पेटी उतरवायला मी गेले होते. दुपारची ओहोटी होती. काका म्हणाले, अजून वीतभर उतरेल. मी पेटीचा आकडा बघितला. पाणी उतरायचं थांबलं होतं. आम्ही वाट बघितली. पाव तास, अर्धा तास. पाणी तिथेच. मग अगदी किंचित वर.

"पेटी पुन्हा तापली काय?" काकांनी विचारलं.

मी खाली उतरून खांबावरचा आकडा वाचला. पेटी बरोबर सांगत होती. काका उभे राहिले. डोळ्यांवर हाताची सावली धरून नदीच्या वरच्या अंगाला बघत राहिले. त्यांच्या तिथीत हे पाणी नव्हतं.  चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, नुसती उत्सुकता होती, लहान मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी.

"वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या असतील," शेवटी ते म्हणाले. "पावसाआधी काढतात. उन्हाळाभर अडवलेलं पाणी आता खाली येतंय." त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि माझ्यापुढे ओंजळ धरली. "बघ. मीठ कमी आहे."

मी त्यांच्या ओंजळीतून थोडं पाणी घेतलं. खारट होतं, पण रोजच्यापेक्षा कमी. पेटी उतरवायचं काम आम्ही दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि पाणी कुठपर्यंत चढतं ते बघत तिथेच बसून राहिलो.